वापरलेल्या स्पोर्ट्स कारचे मूल्यनिर्धारण

वापरलेल्या स्पोर्ट्स कारचे मूल्यनिर्धारण म्हणजे पूर्वी एका किंवा अनेक मालकांनी चालवलेल्या स्पोर्ट्स कारची बाजारातील किंमत ठरवणे होय. मॉडेल, उत्पादनवर्ष, एकूण निर्मितिसंख्या, रंग आणि गंजाचे प्रमाण यांच्या जोडीने दोन बाबींना त्यात विशेष महत्त्व असते: गाडीने आजवर कापलेले एकूण अंतर आणि तिच्या इंजिनाची झालेली वा न झालेली पुनर्बांधणी. कमी अंतर म्हणजे जास्त किंमत आणि नव्याने बांधलेले इंजिन म्हणजे जास्त किंमत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दोहोंचा परिणाम गाडीचे वय, इंजिनाची रचना आणि उपलब्ध कागदपत्रे यांवर अवलंबून असतो. काही जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत इंजिनाच्या एका पुनर्बांधणीचा खर्च गाडीच्या खरेदीच्या किमतीच्या जवळ जातो. त्यामुळे या दोन बाबींचा चुकीचा अर्थ लावणाऱ्या खरेदीदाराचे मोठे नुकसान होऊ शकते.

संज्ञा

मराठीत 'मायलेज' हा शब्द बहुधा एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते या अर्थाने वापरला जातो. इंग्रजी भाषक देशांच्या वाहनबाजारात मात्र तोच शब्द गाडीने कापलेल्या एकूण अंतरासाठी रूढ आहे. भारतातील जुन्या गाड्यांच्या व्यवहारात या दुसऱ्या अर्थी 'रनिंग' हा शब्द प्रचलित असून या लेखात तोच वापरला आहे. हे अंतर नोंदवणाऱ्या उपकरणास ओडोमीटर म्हणतात.

इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे इंजिन गाडीतून उतरवून, अंशतः वा पूर्णपणे खोलून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जुळवणे. गॅरेजच्या भाषेत यालाच 'ओव्हरहॉल' किंवा 'इंजिनाचे काम' म्हणतात. भारतातील सर्वसाधारण बाजारात 'इंजिन खोललेली गाडी' ही उणी बाजू समजली जाते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात तीच गोष्ट जमेची ठरू शकते. मात्र त्यासाठी काम कोणी, केव्हा आणि किती केले हे सिद्ध व्हावे लागते.

रनिंग आणि किंमत

रनिंग हे झिजेचे अप्रत्यक्ष मोजमाप आहे. पिस्टन रिंग, सिलिंडरच्या भिंती, क्रँकशाफ्टचे बेअरिंग, व्हॉल्व्ह गाइड, क्लच, गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर आणि सस्पेन्शनचे रबरी बुश हे भाग वापरानुसार झिजतात. त्यामुळे इतर सर्व बाबी समान असतील तर कमी रनिंगच्या गाडीला जास्त किंमत मिळते. पण इतर सर्व बाबी क्वचितच समान असतात.

एकाच रनिंगमध्ये दोन गाड्यांची झीज अतिशय वेगळी असू शकते. महामार्गावर इंजिन गरम असताना एका संथ लयीत कापलेले १०० किलोमीटर हे शहरात थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी कापलेल्या १०० किलोमीटरपेक्षा इंजिनाला कितीतरी कमी झिजवतात. इंजिन थंड असताना तेल घट्ट असते, इंधनाचा काही अंश तेलात मिसळतो आणि ज्वलनातून निर्माण होणारी वाफ बाहेर पडण्याइतके तापमान येत नाही. याउलट शर्यतीच्या मार्गावर चालवलेली गाडी थोड्याच अंतरात पुष्कळ झिजते.

वय हा रनिंगपासून स्वतंत्र घटक आहे. रबरी सील, होज, टायर आणि टायमिंग बेल्ट गाडी उभी असतानाही कडक होतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. पेट्रोल जुने होऊन इंधनमार्गात चिकट थर धरते. २० वर्षांत केवळ काही हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यापूर्वी म्हणूनच मोठा खर्च करावा लागू शकतो. दुसऱ्या टोकाला, नियमित देखभाल झालेले इंजिन आश्चर्यकारक अंतर कापू शकते. अमेरिकेतील इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेल्या व्हॉल्वो १८०० एस या कूपे गाडीने २०१३ मध्ये ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

बाजारात रनिंगचा परिणाम सरळ रेषेत होत नाही. स्थूलमानाने तीन स्तर आढळतात.

पहिल्या स्तरातील गाड्या जवळजवळ न वापरलेल्या असतात. त्यांची किंमत संग्राह्य वस्तूप्रमाणे ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतील पेबल बीच येथे गुडिंग अँड कंपनीच्या लिलावात १९९५ ची एक मॅकलारेन एफ१ सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरना विकली गेली. तिचे रनिंग केवळ २४२ मैल, म्हणजे सुमारे ३९० किलोमीटर होते. अशा गाडीच्या बाबतीत प्रत्येक अतिरिक्त किलोमीटर किंमत कमी करतो, त्यामुळे मालक ती चालवण्याचे टाळतो आणि न चालवल्यामुळे तिची यांत्रिक स्थिती खालावत जाते.

दुसऱ्या स्तरात चालवल्या गेलेल्या पण निगा राखलेल्या गाड्या येतात. बहुसंख्य व्यवहार याच स्तरात होतात आणि येथे देखभालीची नोंद रनिंगच्या आकड्याइतकीच, काही वेळा त्याहून अधिक, महत्त्वाची ठरते.

तिसऱ्या स्तरात भरपूर चाललेल्या गाड्या असतात. १ लाख किलोमीटर किंवा १ लाख मैल अशा गोल आकड्यांचा खरेदीदाराच्या मनावर परिणाम होतो आणि तो आकडा ओलांडताना किंमत उतरते. त्यानंतर मात्र घसरण मंदावते. १ लाख ६० हजार आणि १ लाख ९० हजार किलोमीटर चाललेल्या दोन जुन्या गाड्यांत खरेदीदार सहसा रनिंगकडे न पाहता कोणत्या गाडीचे कोणते काम झाले आहे हे पाहतो. पुनर्बांधणीचा प्रश्न प्रामुख्याने याच स्तरात उद्भवतो.

ओडोमीटरची विश्वासार्हता

रनिंगला किंमत असल्यामुळे मीटर मागे फिरवण्याचा गैरप्रकार जुना आहे. अनेक जुन्या गाड्यांच्या यांत्रिक ओडोमीटरमध्ये पूर्ण मैलांसाठी पाचच अंक असत. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येई. त्यामुळे ४५,००० दाखवणारी गाडी प्रत्यक्षात १,४५,००० मैल चाललेली असू शकते. डिजिटल मीटरही विशिष्ट उपकरणांनी बदलता येतात.

निरनिराळ्या देशांनी यावर कायदेशीर उपाय केले आहेत. अमेरिकेत १९७२ च्या संघराज्य कायद्याने ओडोमीटरमध्ये फेरफार करण्यास बंदी घातली आणि विक्रीच्या वेळी रनिंग लेखी कळवणे बंधनकारक झाले. १० वर्षांहून जुन्या गाड्यांना या लेखी निवेदनातून सूट होती. २०११ व त्यानंतरच्या मॉडेलवर्षांसाठी ही मुदत २०२१ पासून २० वर्षे करण्यात आली. जर्मनीत २००५ पासून मीटरमधील फेरफार हा फौजदारी गुन्हा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' नावाचे प्रमाणपत्र दिले जाते; त्यात गाडी वेळोवेळी गॅरेजमध्ये वा तपासणीला आली त्या दिवशीचे रनिंग नोंदलेले असते. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत मीटरचा आकडा नोंदला जातो आणि ही नोंद कोणालाही पाहता येते.

इंजिनाच्या संगणकातील नोंदीही उपयोगी पडतात. पोर्शेसारख्या काही उत्पादकांच्या गाड्यांत इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते. रनिंगला तासांनी भागले की गाडीचा सरासरी वेग मिळतो. ६०,००० किलोमीटर आणि १,२०० तास अशी नोंद असेल तर सरासरी ताशी ५० किलोमीटर येते व ती पटण्यासारखी आहे. पण मीटरवर ३०,००० किलोमीटर आणि संगणकात २,५०० तास असतील तर सरासरी ताशी १२ किलोमीटर येते. अशा वेळी दोन्हींपैकी मीटरच्या आकड्याविषयी शंका घेणे रास्त ठरते.

इंजिनाची पुनर्बांधणी

पुनर्बांधणी हा एकच शब्द वेगवेगळ्या व्याप्तीच्या कामांसाठी वापरला जातो.

वरच्या भागाच्या कामात सिलिंडर हेड काढून व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह गाइड आणि सील दुरुस्त केले जातात व गरजेनुसार पिस्टन रिंग बदलल्या जातात. संपूर्ण पुनर्बांधणीत क्रँककेस उघडून क्रँकशाफ्ट, बेअरिंग, तेलपंप आणि टायमिंग चेनपर्यंत सर्व भाग मोजले व बदलले जातात. याशिवाय पूर्ण इंजिन काढून त्याजागी दुसरे बसवण्याचा मार्गही असतो. विक्रीच्या जाहिरातीत या तिन्हींना सरसकट 'इंजिन रिबिल्ट' म्हटलेले आढळते. किंमत ठरवताना म्हणून पहिला प्रश्न नेमके काय केले हा असतो.

पुनर्बांधणीवर झालेला खर्च पूर्णपणे किमतीत उतरत नाही. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका मॉडेलच्या चांगल्या, इंजिनाचे काम न झालेल्या गाडीची किंमत ४० लाख रुपये आणि संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च १५ लाख रुपये आहे असे मानू. नुकतेच योग्य रीतीने काम झालेली गाडी बाजारात ५५ लाखांना जात नाही. ती ४५ ते ४७ लाखांच्या आसपास जाईल. मात्र जिचे इंजिन धूर सोडते आणि ज्या गाडीला ते काम करणे आता अटळ आहे, तिची किंमत ४० लाखांवरून १५ लाख किंवा त्याहून अधिक खाली येईल. कारण खर्चाबरोबर अनिश्चिततेचा बोजाही खरेदीदारावर पडतो. थोडक्यात, झालेल्या कामाची भर अंशतः मिळते, तर राहिलेल्या कामाची वजावट पूर्ण होते. एखाद्याने पुनर्बांधणी करून घेतलेली गाडी विकत घेणे खरेदीदाराला फायद्याचे ठरते ते यामुळेच.

कागदपत्रांशिवाय पुनर्बांधणीला फारशी किंमत नसते. कामाची तारीख, त्या वेळचे रनिंग, बदललेल्या भागांची बिले, सिलिंडर व क्रँकशाफ्टची मापे, उघडलेल्या इंजिनाची छायाचित्रे आणि काम करणाऱ्या कार्यशाळेची त्या मॉडेलमधील ख्याती यांना महत्त्व असते. अवघ्या काही हजार किलोमीटरवर इंजिन खोलले गेले असेल तर त्याचे कारणही विचारले जाते: चुकीच्या गिअरमुळे इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर गेले, तेल संपले की मूळ रचनेत दोष होता? नव्याने बांधलेल्या इंजिनावर काही हजार किलोमीटर विनातक्रार कापले गेलेले असणे अनेक खरेदीदार शून्य किलोमीटरपेक्षा अधिक पसंत करतात, कारण जुळणीतील चुका बहुधा सुरुवातीच्या काळातच उघड होतात.

मूळ इंजिन आणि क्रमांक

संग्राह्य गाड्यांच्या बाजारात कारखान्यातून निघताना बसवलेले इंजिन अजून गाडीत आहे काय, याला मोठे मोल असते. इंजिनाच्या क्रँककेसवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो उत्पादकाच्या नोंदीशी जुळल्यास त्या गाडीला 'मॅचिंग नंबर्स' गाडी म्हणतात. मूळ क्रँककेस राखून आतील भाग बदलल्यास हा दर्जा टिकतो; संपूर्ण इंजिन बदलल्यास तो जातो. त्यामुळे दुर्मीळ गाडीत मूळ इंजिनाची महागडी दुरुस्तीही दुसरे स्वस्त इंजिन बसवण्यापेक्षा आर्थिकदृष्ट्या शहाणपणाची ठरते.

पोर्शेच्या कारखान्याने पुरवलेल्या बदली इंजिनांच्या क्रमांकात 'एटी' ही अक्षरे आढळतात. ती जर्मन भाषेतील 'बदली' या अर्थाच्या शब्दावरून आलेली आहेत. फेरारीने २००६ मध्ये 'क्लासिके' हा विभाग स्थापन केला असून तो जुन्या गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स व इतर प्रमुख भाग मूळ नोंदींशी पडताळून प्रमाणपत्र देतो.

उदाहरण: पोर्शे ९११

रनिंग आणि पुनर्बांधणी यांचा परस्परसंबंध समजण्यासाठी पोर्शे ९११ हे उपयुक्त उदाहरण आहे. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने सादर झाली. प्यूजोच्या हरकतीमुळे नाव बदलून ९११ करण्यात आले आणि १९६४ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. मागच्या बाजूस सपाट मांडणीचे सहा सिलिंडरी इंजिन हे तिचे वैशिष्ट्य आजवर कायम आहे. १९९८ पर्यंत हे इंजिन हवेने थंड होत असे.

हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र असतो आणि क्रँककेस दोन भागांत उघडते. पुनर्बांधणी करता येईल अशीच ही रचना आहे. म्हणून या पिढ्यांच्या गाडीचे रनिंग २ लाख किलोमीटर असले तरी अनुभवी खरेदीदार तेवढ्यावरून ती नाकारत नाहीत. कोणत्या वर्षाचे इंजिन आहे यावर पुढचे प्रश्न ठरतात. १९७४ ते १९७७ या काळातील २.७ लिटर इंजिनांची क्रँककेस मॅग्नेशियमची होती. उष्णतेने तिच्यातील हेडचे स्टड उपसून येण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. अशा गाडीत स्टडचे काम झालेले नसेल तर कमी रनिंग हे आश्वासन ठरत नाही. १९७८ च्या ९११ एससीमध्ये ॲल्युमिनियमची क्रँककेस आली, पण टायमिंग चेन ताणून धरणारे भाग निकामी होत. १९८४ च्या ३.२ लिटर करेरामध्ये या भागांना इंजिनातील तेलाचा दाब देऊन तो दोष दूर करण्यात आला. अनेक मालकांनी जुन्या गाड्यांतही हा बदल करून घेतला. करेराच्या ३.२ लिटर इंजिनात व्हॉल्व्ह गाइडची झीज हा नेहमी तपासला जाणारा मुद्दा आहे.

१९९७ मध्ये आलेल्या ९९६ या पिढीत पाण्याने थंड होणारे एम९६ इंजिन बसवण्यात आले आणि हिशेब बदलला. या इंजिनातील मध्यवर्ती शाफ्ट क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टच्या साखळ्यांकडे नेतो. त्याच्या एका टोकाचे सीलबंद बॉल बेअरिंग निकामी झाल्यास धातूचे कण तेलातून सर्वत्र पसरतात, व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि संपूर्ण इंजिन नष्ट होऊ शकते. यासंबंधी अमेरिकेत दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. दोष असलेल्या गाड्यांचे प्रमाण मर्यादित असले तरी भीतीचा परिणाम सर्वच गाड्यांच्या किमतीवर झाला आणि ९९६ ही दीर्घकाळ सर्वांत स्वस्त ९११ राहिली.

२००५ पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावर बदलता येते. त्यामुळे क्लच बदलताना बेअरिंगही बदलल्याचे बिल असणे हा विक्रीच्या जाहिरातीतील ठळक मुद्दा झाला. अशा बिलासह १ लाख ३० हजार किलोमीटर चाललेली ९९६ ही बिलाविना ५० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा निर्धोक मानणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. २००६ ते २००८ च्या इंजिनांत हे बेअरिंग अधिक मोठे व मजबूत आहे, पण क्रँककेस न उघडता ते काढता येत नाही. २००९ च्या मॉडेलवर्षापासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. याच पिढ्यांतील टर्बो आणि जीटी३ या गाड्यांत बराच काळ अभियंते हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखले जाणारे वेगळे इंजिन होते आणि त्यात हा दोष नव्हता. बाजाराने या फरकाची दखल घेतली असून दोन्हींच्या किमतींतील अंतरामागे हे एक कारण आहे.

एम९६ व त्यानंतरच्या एम९७ इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा दोषही आढळतो. हे सिलिंडर क्रँककेसचाच भाग असल्याने दुरुस्तीसाठी इंजिन पूर्ण उघडून नवे स्लीव्ह बसवावे लागतात. तो खर्च गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याइतका होतो.

इतर उत्पादकांची उदाहरणे

फेरारीच्या टेस्टारोसा आणि एफ३५५ या गाड्यांत टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी इंजिन गाडीतून उतरवावे लागते. बेल्ट वयानुसारही खराब होतो. म्हणून काही वर्षांनी, रनिंग कितीही कमी असले तरी, हे काम करावे लागते. कमी चाललेली पण बेल्ट न बदललेली एफ३५५ ही त्यामुळे वरकरणी वाटते तितकी मौल्यवान नसते. १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये इंजिन न उतरवता बेल्ट बदलता येऊ लागले आणि २००४ च्या एफ४३० मध्ये बेल्टऐवजी साखळी आली.

माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या गाड्यांत पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असतो. रोटरच्या टोकांवरील सील झिजले की कॉम्प्रेशन उतरते आणि पुनर्बांधणी करावी लागते. या गाड्यांत पुनर्बांधणी हा अपेक्षित देखभालीचा भाग समजला जातो. खरेदीदार येथे रनिंगपेक्षा कॉम्प्रेशनच्या आकड्यांना महत्त्व देतात आणि प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या मोजणारे खास उपकरण वापरतात. माझदाने अमेरिकेत आरएक्स-८ च्या रोटर भागाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती.

खरेदीपूर्व तपासणी

किंमत निश्चित करण्यापूर्वी त्या मॉडेलची माहिती असलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. तिच्यात प्रामुख्याने पुढील बाबी येतात.

कॉम्प्रेशन चाचणीत प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतात. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांहून लक्षणीय कमी असेल तर ती धोक्याची सूचना असते. लीक-डाउन चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कोठून निसटते हे पाहतात: एक्झॉस्टमधून आवाज आल्यास व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आल्यास रिंग वा सिलिंडर झिजलेले असतात. सूक्ष्म कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहता येतात. तेलाचे फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत काय हे तपासतात. इंजिनाच्या संगणकातून फेरे मर्यादेबाहेर गेल्याच्या नोंदी वाचतात.

याखेरीज आसनाची कड, सुकाणू, पॅडलचे रबर आणि गिअरची मूठ यांची झीज मीटरवरील आकड्याशी जुळते काय हे पाहिले जाते. ३०,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पॅडल गुळगुळीत झालेले असेल तर तो विसंवाद विक्रेत्याला विचारला जातो.

भारतातील तरतुदी

भारतात इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक हे दोन्ही वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. इंजिन बदलल्यास त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. वाहनातील फेरफारांची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. त्यामुळे प्रमाणपत्रावरील आणि इंजिनावरील क्रमांक जुळणे ही येथे हौसेची बाब न राहता कायदेशीर गरज ठरते. मूळ क्रँककेस राखून केलेल्या पुनर्बांधणीत क्रमांक बदलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यावसायिकांना परिवहन प्राधिकरणाकडून अधिकृतता घ्यावी लागते आणि त्यांच्या ताब्यातील वाहनांच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. विक्रेत्याकडे आल्यानंतर गाडी किती चालली हे त्या नोंदीवरून पडताळता येते. त्याआधीच्या रनिंगसाठी मात्र सर्व्हिसच्या नोंदी आणि जुनी बिले हाच मुख्य आधार असतो.